सहाला बंद होणारा ब्लोअर

६ फेब्रुवारी

आत्याबाईंचा खोकला महिना झाला. मी गावची आशा वर्कर. लोकांच्या दारात जाऊन विचारते, खोकला किती दिवसापासून? आन् माझ्याच घरात ह्या सासूबाई पदर तोंडात कोंबून खोकतेत, सुनेच्या रजिस्टरात नाव जाऊ न्हाई म्हणून. आज लिहिलंच. टीबीच्या तपासणीची थुंकीची डबी हातात दिली. म्हणल्या, "माझं नाव लिहिलंस? मी काय मरायला टेकले का?"

दिवसभर अबोला. भाकरी मात्र माझ्याच हातची खाल्ली.

७ फेब्रु.

कारण सगळ्यांना ठावं आहे, तरी एकदा लिहून ठेवते. रस्त्याच्या पल्याड भट्टी. भंगार वितळवून सळई करतेत. धूर ओढायला मोठा पंखा आहे, ब्लोअर म्हणतेत त्याला. चालू असला की घरघर गावभर ऐकू येते, झोपलेलं लेकरू पण त्या आवाजाला सरावलंय. संध्याकाळी सहाला घरघर बंद. रात्री दहाला परत चालू. भट्टी मात्र चालूच असते. त्या चार तासात काळा भुगा उतरतो. ओट्यावर, पिठात, रांजणाच्या झाकणावर. संध्याकाळी, सगळी माणसं अंगणात असताना.

का बंद करतेत? घरातच विचारलं. हे तिथंच पॅनलवर आहेत, बटण ह्यांच्याच हाताखाली. म्हणले, "संध्याकाळची वीज महाग असते. भट्टी थांबवता येत न्हाई, मंग ब्लोअर थांबवतेत."

मी म्हणले, "थांबवतेत म्हणजे कोण?"

कालवणात भाकरी कुस्करत राह्यले.

१९ फेब्रु.

आत्याबाईंचा रिपोर्ट आला. टीबी न्हाई. डॉक्टर म्हणले धुराचा दमा आहे, धुरापासून लांब ठेवा. लांब म्हणजे कुठं? औरंगाबादला का?

तसंच जालन्याला गेले, प्रदूषणाच्या हापिसात. साहेबाला सांगायला लागले तर म्हणले, "बाई, तोंडी चालत न्हाई. लिहून द्या." लिहिलेलंच होतं, पिशवीतून काढून दिलं. वाचलं त्यांनी. मंग म्हणले, "भट्टीचाच कशावरून? तुमच्या चुलीचा असंल. पुरावा काय?"

पुरावा. आत्याबाईंची छाती काढून टेबलावर ठेवायला पाह्यजे होती.

येताना जुन्या जालन्यात उतरले. कापडाच्या दुकानात धोब्याची शाई मागितली, धुतली तरी जात न्हाई म्हणतेत ती. संपली होती. मंग साधा पेन घेतला, जाड टोकाचा. डोक्यात एक आलंय.

३ मार्च

माझी जुनी पांढरी साडी फाडली. भीमजयंतीला, बुद्ध पौर्णिमेला नेसून नेसून विरली होती. रुमालाएवढे तुकडे केले. गल्लीतल्या दहा घरात वाटले. रीत अशी: आठवड्यातून एकदा, सहाला ब्लोअर बंद झाला की एक तुकडा अंगणातल्या दोरीवर, एक चुलीच्या वर खुंटीला. सकाळी काढायचे, पेनानं तारीख टाकायची, माझ्याकडं आणून द्यायचे. माझी पत्र्याची पेटी त्यासाठी रिकामी केली. चूल का भट्टी, होऊन जाऊ दे.

कौसाबाई पण आल्या. त्यांचं घर पाटलाचं, शेत भट्टीच्या कुंपणाला लागून. औंदा कापूस काळपट निघाला म्हणून व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. म्हणल्या, "दे माय मला पण एक. आमच्या शेतात टांगते."

आत्याबाई लांबून बघत होत्या. म्हणल्या, "मळकी फडकी गोळा करून काय बोहारीण व्हायचंय का?"

२१ मार्च

पेटी अर्धी भरली.

आज एक सापडलं. आत्याबाईंचा बंद पडलेला रेडिओ खोलला, त्याच्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं. चुलीवरच्या फडक्यावरून फिरवलं. काही न्हाई. ती काजळी मऊ, बोटाला तेलकट लागते. मंग दोरीवरच्या फडक्यावरून फिरवलं. भुगा उभा राह्यला. अक्षरशः उभा. चुंबकाला काळी दाढी आली.

ह्यांना दाखवलं. बराच वेळ हातात धरून बघत बसले. म्हणले, "लोखंडच आहे." मंग म्हणले, "कुणाला दाखवू नको सध्या."

सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते विचारायच्या आत अंघोळीला निघून गेले.

२ एप्रिल

पीएचसीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, मीटिंग. म्हणे शेजारच्या देशांचे पाहुणे येणार आहेत. नेपाळ, बांगलादेश. कुठलीशी संस्था फिरवून राह्यली त्यांना. वीज, हवा आन् माणसाची तब्येत, तिन्हीचा मेळ शेजाऱ्या-शेजाऱ्यात कसा बसवायचा ते बघतेत. आमच्या तालुक्यात एक गाव दाखवायचं आहे. डॉक्टरीण मॅडम म्हणल्या, "सुनंदाबाई, तुमचं रजिस्टर चांगलं आहे. तुमच्याकडं आणू."

मेळ बसवायला नेपाळहून येऊन राह्यले, आन् आमच्या गल्लीतून भट्टीपर्यंत अजून कोणी चालत गेलं न्हाई. असो. येऊ द्या. पेटी आहे माझ्याकडं.

१४ एप्रिल

जयंती. सगळ्या पांढऱ्या साड्या, निळे झेंडे. आज लिहायला वेळ न्हाई, आन् आज मला भट्टीचं नाव पण काढायचं न्हाई.

२१ एप्रिल

उद्या पाहुणे. कालपासून ब्लोअर बंदच केला न्हाई त्यांनी. संध्याकाळ झाली, सात झाले, आठ झाले, घरघर चालूच. रस्त्यावर पाणी मारलं. कुंपणाला कुंड्या ठेवल्या.

म्हणजे चालू ठेवता येतो. महाग वीज परवडते. फक्त पाहुणा परका पाह्यजे.

मी दिवसभर पीएचसीत होते, रजिस्टर नीट करत. आत्याबाईंनी अंगण सारवून, भांडी घासून लख्ख केलंय. पेटीला पण हळद-कुंकवाच्या डबीसारखं पुसून ठेवलंय. बरं वाटलं. बाई बोलत न्हाई पण मनात आहे तिच्या.

२२ एप्रिल

काय लिहू.

चारला जीप आली. नेपाळची एक नर्स, विमलादीदी, माझ्याच वयाची. बांगलादेशचे रफीकभाई, वीटभट्ट्यांच्या गावात काम करतेत. दोघांना हिंदी येतं. सोबत तालुक्याचे साहेब, आन् न बोलावता भट्टीचा मॅनेजर. मॅनेजरच्या मागं पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन कोण? हे. पॅनल सोडून पाणी वाटायला लावलं होतं.

मी म्हणले, तुम्हाला आज हवा स्वच्छ लागंल, कालपासून पंखा चालू आहे. रोजचं बघा. सगळे सरसावून बसले. मी पेटी उघडली.

पांढरीशुभ्र. घड्या घातलेली, निळीचा वास. एकेक फडकं बगळ्याच्या पंखासारखं. तारखांचे नुसते निळसर डाग.

मागून आत्याबाई म्हणल्या, "काल दिवसभर बसून धुतले. बाहेरच्या देशाची माणसं, त्यांच्या पुढं असली घाण फडकी कशी ठेवायची? लाज न्हाई का आपल्याला."

मॅनेजर हसला. "आजी, एकदम क्लीन आहे की तुमचं गाव."

मला रडू न्हाई आलं. राग आला, इतका की कानात घरघर ऐकू येईना. दीड महिना. दहा घरं. आन् माझ्याच घरात साबण लागला त्याला. आत्याबाईंना काही कळलं नव्हतं, त्या हसून पाहुण्यांना "बसा, चहा ठेवते" म्हणत होत्या. त्यांच्यावर ओरडणार तेवढ्यात मोरीकडं लक्ष गेलं. धुण्याच्या दगडाखाली कालचा काळा गाळ साचला होता.

रेडिओचं चुंबक आणलं. सगळ्यांच्या देखत गाळात घातलं आन् वर काढलं. दाढी. लांबलचक, टपटप पाणी गळणारी.

रफीकभाई गुडघ्यावर बसले. चुंबक हातात घेऊन बघत राह्यले. मॅनेजर म्हणला, "पत्र्याचा गंज असंल." मी म्हणले, "आमच्या घरावर पत्रा कुठं आहे ते दाखवा, मंग बोला." त्यानं वर स्लॅबकडं बघितलं. पण तालुक्याचे साहेब हळूच म्हणले, "बाई, याच्यावर तारीख न्हाई. कधीचं आहे कसं सांगणार?" ते बराबर होतं. तारखा साबणात गेल्या.

चहा झाला. दीदीनं विचारलं, "आन् चूल?" मला आधी झोंबलं, ही पण साहेबाचीच भाषा बोलते म्हणून. मंग म्हणले, या, बघा. दाखवली. सिलिंडर संपला की लवकर भरून आणवत न्हाई, अंघोळीचं पाणी लाकडावरच तापतं. आत्याबाई त्याच धुरात बसतेत. आमचा धूर आम्ही कबूल करतो, त्यांनी त्यांचा करावा, एवढंच म्हणणं आहे. दीदीनं ते वहीत लिहून घेतलं.

ती म्हणली, आमच्या नद्यांची वीज तुमच्या देशात येते, आन् हिवाळ्यात खालचा धूर आमच्या डोंगरात चढतो. रफीकभाई म्हणले, आमच्याकडं तुमच्या कोळशावरची वीज येते, बत्ती आमच्या घरी लागते, राख तुमच्याकडं पडते, म्हणून तर बघायला आलो, कुणाच्या अंगणात पडते ते. मी म्हणले, एवढ्या लांब कशाला जायचं, सळई शहरात जाते आन् भुगा आमच्या पिठात. तीन देशांचं भांडण आमच्या गल्लीत मावतंय.

निघताना दीदी हात धरून म्हणली, "अहवाल मी लिहिणार, नक्की. लेकिन बटन तो इधर ही है।"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे रिकामा ट्रे घेऊन खाली बघत होते.

२३ एप्रिल

सहाला ब्लोअर बंद. एक दिवस पण दम न्हाई निघाला.

आत्याबाईंना सकाळी सांगितलं, काय झालं ते. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, न्हाई जमलं. म्हणले, "तुमच्या छातीसाठी गोळा करून राह्यले होते मी ते." बाई खाटेवर बसली ती उठलीच न्हाई. जेवली पण न्हाई. आता मला माझीच लाज वाटते. आयुष्यभर लोकांनी हिला घाण म्हणून बाजूला बसवलं, मंग हिनं पाहुण्यापुढं पांढरं ठेवलं तर हिचं काय चुकलं? हे काल सुचायला पाह्यजे होतं. काल चुंबक सुचलं, हे न्हाई.

२५ एप्रिल

संध्याकाळी सहाला घरघर थांबली आन् आत्याबाई उठल्या. आपली पेटी उघडली. पौर्णिमेची साडी काढली, नवीन, घडी पण न मोडलेली. अंगणातल्या दोरीवर पसरून घातली, दोन्ही टोकं ओढून, सुरकुती न्हाई.

मी म्हणले, "काळी होईल ना."

"होऊ दे. पौर्णिमेपर्यंत काढणार न्हाई. अशीच नेसून विहारात जाणार."

जी बाई स्टीलचा पेला दोनदा विसळल्याशिवाय पाणी पीत न्हाई, तिनं हे म्हणावं. मी दोरीचा दुसरा खुंटा घट्ट केला.

२८ एप्रिल

गल्लीत चौदा साड्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या दोरीवर. भट्टीच्या गेटातून सरळ दिसतेत. ह्या वेळी प्रत्येक साडीच्या पदराला चिंधी बांधून, चिंधीवर तारीख. आत्याबाईंनी सगळ्यांना तंबी दिली, "पाण्याचा थेंब लावाल तर बघा." मी हसले. त्या पण.

कौसाबाईंची पंचाईत. "आमच्यात सवाष्णीनं पांढरं नेसू न्हाई बाई, लोक काय म्हणतील." त्यांच्यात पांढरं दुःखाचं, आमच्यात सणाचं. मंग गेल्या आन् पाटलाचं धोतर आन् टोपी टांगून आल्या. संध्याकाळी पाटील बोडक्या डोक्यानं टोपी शोधत गल्लीत आले. दोरीवर बघितली. काढायला हात वर केला, मंग राहू दिला. म्हणले, "कापसाचं पण असंच झालं होतं म्हणा." गेले तसेच.

३० एप्रिल

ह्यांच्याशी भांडण. व्हायचंच होतं.

"मॅनेजर मला विचारतो, तुझ्या बायकोनं काय मांडलंय."

"मंग सांगा ना काय मांडलंय."

"सुनंदा, बटण मी दाबतो म्हणून मी गुन्हेगार का? फोन येतो, बंद कर. मी बंद करतो. न्हाई केला तर दुसरा करील, मी घरी बसंन."

मी म्हणले, "फोन येतो ना? मंग म्हणायचं, लिहून द्या. मला हापिसात तेच म्हणले होते, तोंडी चालत न्हाई. आपलं तोंडी चालत न्हाई तर त्यांचं का चालावं?"

"लिहून कोण देईल?"

"तेच तर."

मंग एकदम म्हणले, "आईच्या छातीचा आवाज मला पण ऐकू येतो. तिथं घरघर बंद केली की मला इकडची सुरू होते."

पंधरा वर्षं झाली लग्नाला, असं कधी बोलले न्हाईत. घर ह्यांच्याच पगारावर चालतं. मला भीती वाटते. दुसऱ्यांसमोर न्हाई दाखवणार, पण इथं लिहिते, बिलकुल खरं: भीती वाटते.

५ मे

भट्टीचा माणूस आला, गठ्ठा घेऊन. प्लास्टिकच्या पिशव्यात कोऱ्या पांढऱ्या साड्या. "साहेबांकडून पौर्णिमेची भेट. त्या जुन्या काढून टाका, रस्त्यावरून बरं दिसत न्हाई."

गल्ली गोळा झाली. कुणी हात लावला न्हाई. आत्याबाई पुढं झाल्या, एक साडी उलगडून बघितली, पोत चोळून बघितला. म्हणल्या, "चांगली आहे रे. ठेव. ह्या पण वाळत घालतो."

गठ्ठा परत घेऊन गेला तो. एक पिशवी गडबडीत खाली राह्यली, ती पोहोचवायला मीच गेटापर्यंत गेले.

१० मे

विमलादीदीचा फोन आल्ता. अहवाल दिला म्हणली, पुढं कधी काय होईल माहीत न्हाई. तिच्या गावात पण बायकांना सांगितलंय फडकी टांगायला, चुंबकासकट. विचारत होती, आजीचा खोकला कसा आहे. तसाच आहे म्हणले. साड्यांचं पण सांगितलं.

साड्या आता राखाडी. माझ्या साडीच्या घडीत बोट फिरवलं तर कणी लागते.

बुद्ध पौर्णिमा, दुपार

सकाळी नेसलो. आत्याबाईंना मी नेसवली, निऱ्या घालताना माझे हात काळे झाले. त्यांना खोकला आला, बसल्या, पाणी प्याल्या, परत उभ्या राह्यल्या. "कर पुढं."

विहारापर्यंत चालत गेलो, रस्ता भट्टीच्या गेटासमोरूनच जातो. चौदा बायका, दोनदोनच्या ओळीनं. कोणी घोषणा दिली न्हाई, ठरलं होतं तसं. पायाचा आवाज तेवढा. मागं कौसाबाई हिरव्या साडीत, खांद्यावर पाटलाचं काळं पडलेलं धोतर. गेटावरचा वॉचमन उठून उभा राह्यला, का ते त्यालाच माहीत. मॅनेजर खिडकीत होता, मंग न्हाई दिसला.

विहारात वंदना झाली. पंचशील झालं. सगळं नीट.

ह्यांची दुपारची पाळी. जाताना माझ्या रजिस्टरातून एक कोरा कागद मागून घेतला. माझा पेन पण. वरच्या खिशात घातला.

तोच दिवस, संध्याकाळ

सहा वाजले. आम्ही सगळ्या अंगणात बसून.

सहा वाजून पाच. घरघर चालू.

सहा वाजून वीस. चालू. कौसाबाई घरून हात पुसत आल्या, "आज काय झालं गं?"

सात. चालू. ह्यांना फोन लावला, लागत न्हाई. मॅनेजरची गाडी गेटातून आत गेली ती अजून तिथंच. बंद करायच्या कागदावर कोणी सही केली न्हाई म्हणून चालू आहे, का ह्यांना घरी पाठवलं, काहीच कळत न्हाई. घरी पाठवलं असतं तर एव्हाना आले असते. भाकऱ्या झाकून ठेवल्यात.

साडेसात. चालू.

मी आत्याबाईंना म्हणले, साडी बदला, धुवायला टाकते.

"थांब," म्हणल्या. "उद्या सहाला बघू. मंग धू."